तीन दिवसांचा रिपोर्ट

माझ्या दवाखान्यात एक प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी विचारला जातो. "डॉक्टर, साखरेचा रिपोर्ट संध्याकाळी हातात पडतो, मग लघवीच्या कल्चरला तीन दिवस कशाला?" विचारणारा बहुधा घाईत असतो. कुणाला पाळीवर जायचे असते, कुणाला मुलाला शाळेतून आणायचे असते, आणि घरात तापाने फणफणलेले माणूस असते. त्याच्या स्वरात थोडी शंकाही असते. प्रयोगशाळेत आळस होतो की काय, की हे सारे बिल वाढवण्यासाठी चालले आहे?

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर मी इतकी वर्षे दोन वाक्यांत देत आलो. आज ते सविस्तर द्यावेसे वाटते, कारण त्या तीन दिवसांची किंमत मला स्वतःला एकदा फार महागात पडून कळली आहे. माझ्यापेक्षाही ती माझ्या एका रुग्णाला महागात पडली.

साखर मोजायची असते. ती रक्तात असतेच. यंत्राने फक्त किती ते सांगायचे. जंतूंचे तसे नाही. नमुन्यात ते मूठभर असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसले तरी त्यांच्यावर कोणते औषध चालेल हे त्यांच्या रूपावरून कळत नाही. त्यासाठी त्यांना खाऊपिऊ घालून वाढवावे लागते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतली बहुतेक उपकरणे या एकाच कामासाठी असतात: हवा तो जंतू वाढवायचा आणि नको तो आत येऊ द्यायचा नाही.

यातले सर्वांत साधे उपकरण म्हणजे लूप. एका दांड्याला बसवलेली निक्रोमची बारीक तार, टोकाला वळवून केलेले छोटे कडे. वैद्यकीय शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी ती प्रथम माझ्या हाती आली. आमच्या सरांनी क्रम सांगितला होता: तार ज्योतीत लालबुंद होईपर्यंत धरायची, मग थंड होऊ द्यायची, मग नमुन्याला लावायची, आणि काम झाले की पुन्हा लाल करायची. मला घाई होती. मी तापलेली तारच नमुन्यात बुडवली. चर्र असा आवाज झाला. दुसऱ्या दिवशी सर्वांच्या थाळीत जंतूंच्या वसाहती उगवल्या होत्या, माझी थाळी कोरी होती. सर हसून म्हणाले, "तुमच्या नमुन्यात जंतू नव्हतेच, की तुम्ही ते जाळून टाकले, हे ही थाळी सांगणार नाही." त्या दिवशी मला ते वाक्य गमतीचे वाटले. त्याचा खरा अर्थ समजायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

लघवीच्या तपासणीसाठी हे कडे मोजून घडवलेले असते. त्यात लघवीचा एका मिलीलीटरचा हजारावा भाग मावतो. तेवढा थेंब थाळीवर पसरला आणि दुसऱ्या दिवशी शंभर वसाहती मोजल्या, तर मूळ लघवीत दर मिलीलीटरला सुमारे एक लाख जंतू होते असा हिशेब निघतो. रिपोर्टवर जो लाखाचा आकडा आपण पाहता, तो असा त्या तारेच्या कड्यातून आलेला असतो.

थाळीला पेट्री डिश म्हणतात. रॉबर्ट कॉख यांचे सहकारी ज्युलियस रिचर्ड पेट्री यांनी 1887 साली ती प्रसिद्ध केली. काचेची चपटी थाळी आणि तिच्यावर किंचित मोठे झाकण, एवढीच कल्पना. पण या झाकणामुळे आतले पाहता येते आणि हवेतली धूळ आत पडत नाही. थाळीत जेलीसारखा जो थर असतो तो अगरचा. आपल्या घरांत चायना ग्रास म्हणून जो पदार्थ पुडिंगसाठी आणतात, तोच हा समुद्री शेवाळापासून केलेला अगर. आधी जिलेटिन वापरत. ते उबेने वितळून जाई. कॉख यांच्याकडे काम करणारे वॉल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे स्वयंपाकघरात अगर वापरत असत. त्यांनी तो सुचवला आणि 1880 च्या दशकाच्या आरंभापासून आजतागायत जगभरच्या प्रयोगशाळा एका गृहिणीच्या त्या सूचनेवर चालल्या आहेत.

भरलेली थाळी इन्क्युबेटरमध्ये जाते. हे एक उबदार कपाट. आतले तापमान माणसाच्या शरीराइतके, सदतीस अंशांच्या आसपास, रात्रंदिवस एकसारखे राखलेले. थाळ्या उपड्या ठेवतात, म्हणजे झाकणावर जमलेले पाण्याचे थेंब वसाहतींवर पडत नाहीत. लघवीत नेहमी सापडणारा ई. कोलाय हा जंतू अनुकूल परिस्थितीत साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणून एका रात्रीत एका जंतूची डोळ्यांना दिसणारी वसाहत होते. हा झाला पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी जंतूची ओळख पटवतात आणि दुसऱ्या थाळीवर त्याला पसरून त्यावर औषधांच्या चकत्या ठेवतात. तिसऱ्या दिवशी प्रत्येक चकतीभोवती जंतू किती अंतरापर्यंत वाढू शकला नाही, ते मिलीमीटरमध्ये मोजतात. असे हे तीन दिवस. काही मोठ्या प्रयोगशाळांतली स्वयंचलित यंत्रे हा काळ कमी करतात, पण जंतूला वाढायला लागणारा वेळ कोणत्याही यंत्राला पूर्ण टाळता येत नाही. क्षयाचा जंतू तर फारच मंद. अंड्याच्या हिरव्या माध्यमावर तो दिसू लागायला कित्येक आठवडे लागतात, आणि द्रव माध्यमातही नमुना निर्जंतुक म्हणण्याआधी बेचाळीस दिवस वाट पाहतात. सीबी-नॅट यंत्र जंतूचा जनुकीय अंश शोधून सुमारे दोन तासांत उत्तर देते आणि रिफाम्पिसिनला तो दाद देतो का हेही सांगते. पण इतर सर्व औषधांचा निवाडा करायला ते एकटे पुरत नाही.

उरले ऑटोक्लेव्ह. तुमच्या स्वयंपाकघरातला कुकर म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. वाफ कोंडून दाब वाढवला की पाणी शंभर अंशांवर न थांबता वर चढते. ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर पंधरा ते वीस मिनिटे सामान ठेवतात. एवढा खटाटोप कशासाठी? काही जंतू संकट आले की स्वतःभोवती कठीण कवच तयार करतात. या अवस्थेत ते साध्या उकळत्या पाण्यालाही पुरून उरतात. धनुर्वाताचा जंतू त्यांपैकी एक. तो मातीत असतो, आणि त्याने केलेल्या अनर्थाची एक कथा आमच्या परळशी कायमची जोडली गेली आहे.

परळला आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्था आहे. आपल्यापैकी अनेकजण केईएम, वाडिया किंवा टाटा रुग्णालयाकडे जाताना तिच्या भिंतीजवळून गेले असतील. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरमध्ये वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि तिच्यालगतचा व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगचा जंतू वाढवायला त्यांनी मांसाचा रस घेतला तो बोकडाच्या मांसाचा, कारण गाईचे वा डुकराचे मांस वापरले असते तर ती लस इथल्या हिंदूंनी आणि मुसलमानांनी घेतली नसती. त्या रसावर ते तुपाचे थेंब सोडत. तरंगत्या तुपाला धरून जंतूंची वाढ खाली लोंबू लागे. काही दिवसांनी चंबू हलवायचा, ती वाढ तळाशी पाडायची आणि नवी येऊ द्यायची. मग उष्णतेने जंतू मारून लस तयार होई. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या बंद्यांना ती देण्यात आली. 1899 मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. आजची संस्था तिथेच आहे आणि 1925 पासून तिला हाफकिन यांचे नाव आहे.

अनर्थ घडला तो परळपासून फार दूर, पंजाबातल्या मुलकोवाल गावात. 30 ऑक्टोबर 1902 रोजी तिथे 107 जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकोणीस जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. त्या एकोणीस जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला. हाफकिन यांना संचालकपद सोडावे लागले. पुढे चौकशीतली माहिती बारकाईने वाचणाऱ्यांचे लक्ष एका चिमट्याकडे गेले. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा त्या दिवशी सहायकाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो ज्योतीवर न धरता नुसता कार्बोलिकच्या पाण्यातून काढून वापरण्यात आला होता. कवच केलेल्या जंतूला त्या पाण्याने काही होत नाही. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली आणि 1907 मध्ये त्यांच्यावरचा ठपका दूर झाला. एकोणीस माणसे मात्र गेली ती गेलीच.

ज्योतीवर चिमटा धरायला किती वेळ लागतो? काही सेकंद. ते काही सेकंद वाचवणारा तो सहायक दुष्ट नव्हता. समोर रांग असेल, ऊन असेल, काम संपवायची घाई असेल. मी त्याला दोष द्यायला धजत नाही, कारण अशीच घाई मी केली आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपतीचे दिवस होते. लालबागेत त्या दहा दिवसांत काय परिस्थिती असते हे तुम्ही जाणताच. रस्ते बंद, रांगा दूरवर गेलेल्या, आणि माझ्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नाही. जवळच्याच चाळीतल्या एक आजी मुलाबरोबर आल्या. वय सत्तरीचे, वीस वर्षांचा मधुमेह. थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ, उजव्या कुशीत दुखणे. निदान कठीण नव्हते. अशा वेळी, विशेषतः मधुमेह असताना, औषधाआधी लघवीचा नमुना कल्चरसाठी घ्यायला हवा, हे मला पाठ होते. पण नमुन्याची निर्जंतुक डबी दवाखान्यात संपली होती, गर्दीतून प्रयोगशाळेपर्यंत जाणे मुलाला अवघड होते, आणि बाहेर वीस माणसे थांबली होती. मी प्रतिजैविक लिहून दिले आणि म्हणालो, "तपासणीचे नंतर बघू."

चौथ्या दिवशी ताप कायम होता. तेव्हा मी कल्चर पाठवले. चिठ्ठीवर रुग्णाचे नाव आणि वय लिहिले. तीन दिवसांपासून प्रतिजैविक चालू आहे हे लिहिले नाही. रिपोर्ट आला: वाढ नाही. मला हायसे वाटले. लघवीत जंतू नाहीत, म्हणजे ताप दुसऱ्या कशाचा तरी असणार, असे ठरवून मी मलेरिया आणि डेंग्यू शोधू लागलो. यात आणखी दोन दिवस गेले. त्या रात्री आजी गुंगीत बडबडू लागल्या आणि मुलाने त्यांना रुग्णालयात नेले. सोनोग्राफीत मूत्रपिंडालगत पू साठलेला दिसला. सुई घालून तो काढला आणि कल्चरला पाठवला.

तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातल्या डॉक्टर बाईंना मी भेटायला गेलो. त्यांनी थाळी दाखवली. गुलाबी वसाहतींनी ती भरली होती: ई. कोलाय. दुसऱ्या थाळीवर माझ्या औषधाच्या चकतीभोवतीचे वर्तुळ अगदी अरुंद होते. त्यांनी आवाज न चढवता समजावले. ते औषध लघवीत फार मोठ्या प्रमाणात उतरते, रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी. त्यामुळे लघवीतले जंतू दबले आणि थाळी कोरी राहिली. पुवात मात्र औषध पुरेसे पोचत नव्हते, आणि तिथे ते वाढत होते. मग त्यांनी विचारले, "औषध चालू असल्याचं चिठ्ठीवर असतं तर आम्ही तुम्हाला फोन केला असता. लिहिलं का नाहीत?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मला दुसऱ्या वर्षाची ती कोरी थाळी आठवली. नमुन्यात जंतू नव्हतेच, की तुम्ही ते जाळून टाकले?

आजी सतरा दिवस रुग्णालयात होत्या. त्या वाचल्या, पण उजव्या मूत्रपिंडाची शक्ती पूर्ववत झाली नाही. घरी आल्यावर मी त्यांच्याकडे गेलो आणि मुलाला सरळ सांगितले की पहिल्याच दिवशी लघवी तपासायला पाठवणे माझे काम होते, ते मी केले नाही. तो बराच वेळ बोलला नाही. आजीच म्हणाल्या, "डॉक्टर, गणपतीत सगळ्यांचीच तारांबळ होते. पण पुढच्याला नीट बघा हो." ते क्षमा करणे होते की बजावणे, हे मी त्यांना विचारले नाही. मी ते बजावणे समजून घेतले आहे.

तेव्हापासून माझ्या टेबलाच्या खालच्या खणात निर्जंतुक डब्या कधी संपू दिलेल्या नाहीत. पण नमुना चांगला येण्यात अर्धा वाटा तुमचा, म्हणजे रुग्णाचा आणि घरच्यांचा असतो. म्हणून काही गोष्टी सांगतो.

डॉक्टरांनी कल्चर सांगितले असेल तर नमुना औषधाच्या पहिल्या गोळीआधी द्या. नमुना दिल्यावर मात्र, डॉक्टरांनी सांगितले असेल तर, औषध लगेच सुरू करा. रिपोर्टसाठी तीन दिवस थांबू नका. औषध आधीच चालू असेल, किंवा घरातली उरलेली एखादी गोळी घेतली असेल, तर ते न लाजता सांगा आणि चिठ्ठीवर लिहायला लावा.

लघवीसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक डबी घ्या. घरातली धुतलेली बाटली चालत नाही. साध्या पाण्याने स्वच्छता करा, पहिली धार सोडून द्या, मधली धार डबीत घ्या. झाकणाच्या वा डबीच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. नमुना दोन तासांच्या आत पोचवा. ते शक्य नसेल तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या नव्हे, आणि प्रयोगशाळेला तसे सांगा. मुंबईच्या उकाड्यात पिशवीत राहिलेल्या डबीचेच इन्क्युबेटर होते. दोन-चार जंतू लाखांवर जातात आणि नसलेला आजार कागदावर उमटतो.

थुंकीचा नमुना सकाळी, साध्या पाण्याने चूळ भरून, छातीतून खोकून काढलेला हवा. तोंडातली लाळ नको. तो मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर जाऊन काढा.

लघवीची साधी तपासणी आणि कल्चर या वेगळ्या गोष्टी आहेत. साध्या तपासणीत सेंट्रिफ्यूज यंत्रात लघवी फिरवून तळाचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यात पुवाच्या पेशी दिसतात, पण जंतूचे नाव कळत नाही.

कल्चरच्या रिपोर्टवरची वर्तुळांची मापे एकमेकांशी ताडून पाहू नका. एका औषधाचे वर्तुळ अठरा मिलीमीटरचे आणि दुसऱ्याचे पंचवीसचे असले, तरी दुसरे अधिक चांगले असा त्याचा अर्थ होत नाही. प्रत्येक औषधाची कसोटी निराळी असते. "वाढ नाही" हे शब्दही एकटे वाचू नका. ताप उतरत नसेल तर तो कागद घेऊन डॉक्टरांना विचारा, "नमुना देताना औषध चालू होते, त्याने काही फरक पडतो का?" हा प्रश्न मला त्या वेळी कोणी विचारला असता तर बरे झाले असते.

आणि प्रत्येक वेळी कल्चर हवेच असेही नाही. सर्दी-पडसे बहुधा विषाणूंचे असते. त्याला ना कल्चर लागते ना प्रतिजैविक. वृद्ध माणसाला काही त्रास नसताना उगाच लघवीचे कल्चर करू नये. अनेकांच्या लघवीत निरुपद्रवी जंतू असतात आणि मग नको ते औषध सुरू होते. केव्हा हवे, केव्हा नको, हे ठरवायला तुमचा डॉक्टर आहे.

परवा एक तरुण आईचा नमुना घेऊन आला आणि त्याने तोच प्रश्न विचारला, तीन दिवस कशाला? बाहेर गर्दी होती. मी त्याला बसवले, डबीवर नाव आणि वेळ घातली, चिठ्ठीवर "अद्याप औषध नाही" असे लिहिले, आणि मग उत्तर द्यायला सुरुवात केली. पाच मिनिटे लागली.